सापडले १२४, मेले किती?

नमस्कार श्रोतेहो.

राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला, थरच्या वाळवंटात सुमारे तीन हजार चौरस किलोमीटरच्या टापूत नऊशेच्या आसपास पवनचक्क्या उभ्या आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्यांतल्या ९० पवनचक्क्या निवडल्या. हीच का आणि ती का नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून कुठलाही निकष न लावता निवडल्या. वेगवेगळ्या ऋतूंत त्यांच्याखालची जमीन पायी पिंजून काढली. मेलेले पक्षी सापडले १२४. आणि २०२५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातला मुख्य आकडा होता दर हजार चौरस किलोमीटरमागे वर्षाला ४,४६४ पक्षी.

बातमी वाचणारा इथे थबकतोच. हाती लागले सव्वाशे आणि सांगताय हजारो? आकडा फुगवला की काय? मी तुम्हाला माझं मत आधीच सांगून टाकते. संशय घ्यायचाच असेल, तर तो आधी १२४ वर घ्या. त्या टापूत किती पक्षी मेले हे तो आकडा सांगतच नाही. किती सापडले, एवढंच सांगतो.

पात्याखाली नेमकं काय होतं ते बघू. लांबून पवनचक्की आळसावल्यासारखी फिरताना दिसते, पण मोठ्या पात्याचं टोक ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने जात असतं. जमिनीवरच्या भक्ष्याकडे डोळे लावून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला ते टोक उमगत नाही. फटका बसतो आणि पक्षी भिरकावला जातो. कधी बुंध्याशी पडतो, कधी शंभर मीटरवर, कधी नुसता पंख तुटून तसाच उडत, सरपटत दूर जातो आणि तिकडे मरतो. हा शेवटचा कुणाच्याच हिशेबात येत नाही.

जो पडला, त्याच्या मागे लगेच कोल्हा, कुत्रा, कावळा, मुंगूस. गरुडाएवढं धूड असेल तर हाडं-पिसं कित्येक आठवडे राहतात. चिमणीएवढा पक्षी एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. शोधणारी माणसं समजा पंधरा दिवसांनी येणार असतील, तर त्यांच्या वाट्याला काय उरणार? आणि जे उरलं ते तरी दिसायला हवं. उन्हात तापलेल्या मातीवर मातकट रंगाचा चंडोल पालथा पडला असेल, तर अनुभवी माणूससुद्धा दोन पावलांवरून पुढे निघून जातो. खाली पीक उभं असेल, काटेरी झुडपं असतील, कडा असेल, तर तेवढ्या जागेत शोधच होत नाही.

म्हणून या संशोधनात पक्षी शोधण्याइतकंच दुसरं एक काम महत्त्वाचं असतं. आपण किती चुकवतो, ते मोजायचं. त्याची रीत अशी. कोंबडीची मेलेली पिल्लं, बटेर, उंदीर अशी कलेवरं पवनचक्कीखाली मुद्दाम ठेवायची आणि ती किती दिवस टिकतात ते रोज जाऊन किंवा कॅमेरा लावून बघायचं. शोधणाऱ्यांचीही परीक्षा घ्यायची. त्यांना न सांगता काही कलेवरं टाकून ठेवायची आणि त्यांतली किती त्यांनी टिपली ते बघायचं. मी म्हणेन, या शास्त्रातला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच आहे.

आता एक हिशेब करू. आकडे माझे, नुसते समजण्यापुरते. समजा शोध होईपर्यंत निम्मी कलेवरं टिकतात. टिकलेल्यांपैकी शंभरातली चाळीस माणसाला दिसतात. आणि पडणाऱ्यांपैकी ८० टक्के पक्षीच शोधाच्या जागेत पडतात. तिन्हींचा गुणाकार केला की येतात १६ टक्के. म्हणजे शंभर पक्षी मेले, तर आपल्या वहीत सोळाच उतरतात. वहीत दहा असतील, तर मेलेले साठ-बासष्ट धरायचे. पहिल्या आकड्याचा मोठा आकडा होतो तो असा. हातचलाखीचा प्रश्न नाही, भागाकाराचा आहे.

पण भागाकार सोपा असला, तरी ज्याने भागायचं तो टक्का काढणं अजिबात सोपं नाही. कोंबडीचं पिल्लू ठेवून घुबडाचा अंदाज बांधायचा का? कोल्हा पिल्लू चटकन उचलतो, शिकारी पक्ष्याचं वाळकं धूड तितक्या आवडीने खात नाही. मग टिकण्याचे दिवस चुकतात. अजून एक गंमत आहे. चाचणीसाठी एकाच वेळी खूप कलेवरं टाकली, तर तिथले कोल्हे-कावळे तृप्त होतात आणि उरलेली पडून राहतात. संशोधकाला वाटतं, वा, इथे कलेवरं बरीच टिकतात. मग तो कमी मृत्यू धरतो. म्हणजे चाचणीतली ही चूक आकडा खाली आणते, वर नाही नेत. आकडे फुगवल्याचा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शोधणाऱ्याच्या नजरेबद्दलही सांगायला हवं. कॅलिफोर्नियात संशोधक शॉन स्मॉलवूड आणि सहकाऱ्यांनी वासावरून शोधायला शिकवलेली कुत्री नेली. मुद्दाम ठेवलेल्या कलेवरांपैकी कुत्र्यांनी वटवाघळं ९६ टक्के शोधली आणि लहान पक्षी ९० टक्के. शेजारच्याच प्रकल्पात माणसांना वटवाघळं सापडली होती ६ टक्के, लहान पक्षी ३० टक्के. वास घेणाऱ्याला उंच गवताची अडचण कमी. सहा टक्के या आकड्यावर जरा थांबा. तिथे एक वटवाघूळ सापडलं, की त्यामागे पंधरा-सोळा न सापडलेली धरायची. एवढ्या मोठ्या गुणकावर उभा राहिलेला अंदाज थोड्याशा धक्क्याने कोसळतो किंवा दुप्पट होतो.

हे कॅलिफोर्नियातलं ठिकाण म्हणजे ऑल्टामाँट खिंड. या विषयाची सुरुवात एका अर्थी तिथूनच झाली. १९८०च्या दशकात तिथे हजारो लहान पवनचक्क्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या, त्याही सोनेरी गरुडांच्या शिकारीच्या पट्ट्यात. २००८ साली स्मॉलवूड आणि थेलँडर यांनी अंदाज दिला की तिथे वर्षाला ६७ सोनेरी गरुड मरतात, आणि सगळे पक्षी धरून २,७१०. वर्तमानपत्रांत ६७ छापून येतो. पण त्या शोधनिबंधात ६७ च्या शेजारी कंसात दोन आकडे आहेत, २५ आणि १०९. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावा, याची त्यांना ८० टक्के खात्री होती. मला विचाराल तर कंसातले आकडे बाहेरच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचे आहेत.

त्याचं कारण व्यवहारातलं आहे. २००७ साली त्या खिंडीबाबत न्यायालयीन तडजोड झाली. त्यात चार जातींच्या शिकारी पक्ष्यांचे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं. आता सांगा, आधीचा आकडा २५ ते १०९ मध्ये कुठेही असू शकतो, तर तो निम्मा झाला हे ठरवायचं कसं? एखाद्या वर्षी गरुडच कमी आले, त्यांचं भक्ष्य असलेल्या खारींची संख्या घटली, शोधणारी माणसं बदलली, तरी आकडा हलतो. तडजोडीच्या कागदावर पन्नास टक्के लिहायला एक ओळ पुरते, ते तपासायला मात्र वर्षानुवर्षांची मोजणी लागते.

सगळ्या अमेरिकेचा अंदाज घ्यायचा झाला तरी तीच कथा. २०१३ या एकाच वर्षात दोन अभ्यास आले. एकाने वर्षाला सुमारे २ लाख ३४ हजार पक्षी सांगितले, दुसऱ्याने ५ लाख ७३ हजार. पहिल्याने फक्त एकखांबी पवनचक्क्या धरल्या होत्या, जाळीदार मनोऱ्यांवरच्या नाही. पण उरलेला फरक बराचसा कलेवरं किती टिकतात, किती दिसतात, किती लांब पडतात, या गृहीतांचा. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं.

आपल्याकडे कोइमतूरच्या सलीम अली पक्षिविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी कच्छमधल्या सामखियाळीला काही वर्षं शोध घेतला आणि २०१९ साली एका पवनचक्कीमागे वर्षाला ०.४७८ पक्षी असा दर दिला. म्हणजे अर्धाही नाही. जैसलमेरच्या आकड्याचा असाच भागाकार केला, तर पवनचक्कीमागे पंधराच्या घरात जातो. तीसपट फरक! वाळवंटात शिकारी पक्षी जास्त, स्थलांतराचा मार्ग तिथून जातो, हे खरंच. पण शोधाच्या पद्धतीही वेगळ्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कच्छ सुरक्षित आणि जैसलमेर धोक्याचं, असं कुणी म्हणू लागलं तर मी लगेच मान डोलावणार नाही.

आता शून्याबद्दल. कंपनीचा अहवाल म्हणतो, वर्षभरात दुर्मीळ जातीचा एकही पक्षी सापडला नाही. ऐकायला बरं वाटतं. मघाच्या १६ टक्क्यांच्या हिशेबाने पाहा. त्या जातीचे पाच पक्षी खरोखर मेले असते, तरी एकही न सापडण्याची शक्यता ४२ टक्के निघते. म्हणजे जवळजवळ छापा-काट्यासारखंच. मनुएला हूसो या संख्याशास्त्रज्ञांनी २०११ साली जुनी सूत्रं एका बाजूला झुकून चुकतात हे दाखवून नवं सूत्र दिलं होतं. पुढे डॅनियल डॅल्थॉर्प आणि त्यांनी मिळून खास या शून्यासाठी संगणकप्रणाली केली. काहीच सापडलं नाही, तर जास्तीत जास्त किती मेले असू शकतात, ते ती सांगते. जिथे अख्ख्या जातीत शे-दीडशे पक्षी उरलेत, माळढोकासारखे, तिथे हाच प्रश्न विचारायला हवा. माळढोकाला मोठा धोका विजेच्या तारांचा आहे. पवन आणि सौर प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या ताराही त्यात आल्याच, म्हणजे पवनचक्कीचा हिशेब तिच्या बुंध्याशी संपत नाही.

काही श्रोते म्हणतील, अहो, अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यापुढे पवनचक्क्या किती? तसा अंदाज आहे खरा. पण मांजर गरुड मारत नाही. आणि ज्या पक्ष्याला अंडी घालायच्या वयाला यायलाच चार-पाच वर्षं लागतात आणि जो वर्षाला एक-दोन पिल्लं वाढवतो, त्याचे साठ गेले की ती तूट सहजी भरून निघत नाही. पक्षी पक्षी सारखेच धरले, तर हा फरक पुसला जातो.

सातारकरांना चाळकेवाडीचं पठार माहीत आहे. तिथे मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी शेजारच्या मोकळ्या पठाराच्या जवळजवळ चौपट कमी. परिणामी, गळ्याखालची रंगीत पिशवी फुलवणारे तिथले सरडे संख्येने वाढले, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनासे झाले, त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरकही कमी भरलं. अशा ठिकाणी तुम्ही पात्याखाली कलेवरं शोधत बसाल तर फार थोडी सापडतील. ससाणे तिथे फारसे येतच नाहीत, तर मरतील कुठून?

भारताची पवन ऊर्जेची क्षमता २०२५ मध्ये पन्नास गिगावॅटच्या पुढे गेली. मला पवनचक्क्या हव्या आहेत, कोळशाचा धूर नको, हे स्पष्ट सांगते. पण २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली पवन प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे आधी पक्षी किती होते आणि नंतर किती मेले, याची नोंद ठेवण्याची सक्ती या वाटेने येत नाही.

नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, न रंगवलेल्या शेजारच्या पवनचक्क्यांच्या तुलनेत तिथले मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. चारच पवनचक्क्या, म्हणून संशोधक स्वतःच सांगतात की हे अन्यत्र करून पाहायला हवं. त्यांना तेवढं तरी म्हणता आलं, कारण रंग लावण्याआधीची काही वर्षं त्यांनी पक्षी मोजले होते. जैसलमेरला किंवा साताऱ्याला उद्या रंगाचा डबा घेऊन कुणी निघालं, तर त्याच्यापाशी आधीच्या वर्षांची अशी वही हवी. ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे.

नमस्कार.