हजार मैलांवरचं बोलावणं

[दृश्य: न्यू जर्सी, एडिसन. स्वयंपाकघर. फ्रिजचं दार जवळून.]

या फ्रिजच्या दारावर अष्टविनायकाचं मॅग्नेट आहे, मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक आहे आणि त्या दोघांमध्ये घडी पडलेला एक कागद आहे. कागदावर तक्ता. डावीकडे शाळेतली सरासरी, वरच्या ओळीत एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे गुण, आणि खालच्या चौकटींमध्ये डॉलरचे आकडे. त्यातल्या एका चौकटीभोवती कुणीतरी हिरव्या पेनानं गोल काढलाय.

हा तक्ता अलाबामा विद्यापीठाचा. विद्यापीठ टस्कलूसा नावाच्या गावात आहे, इथून गाडीनं जवळपास हजार मैल. या घरातली मुलगी तिकडे शिकायला गेली त्याला आता दोन वर्षं झाली. कागद मात्र आईनं अजून काढू दिलेला नाही.

न्यू जर्सीला बारावीतल्या मुलांनी राज्य सोडून जाण्याची जुनी सवय आहे. कॉलेजसाठी बाहेर जाणारी मुलं आणि बाहेरून येणारी मुलं यांचा हिशेब मांडला, तर सगळ्यात जास्त तूट पडणाऱ्या राज्यांत न्यू जर्सीचं नाव वर्षानुवर्षं वरच असतं. राज्याचं स्वतःचं मोठं, जुनं, नावाजलेलं सरकारी विद्यापीठ आहे, रटगर्स. एडिसनहून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर. तरी मुलं जातात.

त्या मुलीला मी विचारलं, एवढं जवळ असताना का नको?

ती म्हणाली, "मावशी, तिथे माझ्या शाळेतली अर्धी मुलं असणार. परत तीच तोंडं."

[दृश्य: महामार्ग. व्हर्जिनियातले डोंगर, पहाट.]

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं एक मुख्य सरकारी विद्यापीठ असतं. त्याला फ्लॅगशिप म्हणतात. राज्यातले लोक कर भरतात, म्हणून त्यांच्या मुलांना तिथे फी कमी. बाहेरच्यांना पूर्ण. आपल्याला डोमिसाइलचा दाखला माहीत आहे, त्याचंच हे भावंड, फक्त तिथे जागेपेक्षा जास्त फरक फीमध्ये पडतो. अलाबामात राज्यातल्या मुलाला वर्षाची शिकवणी फी सुमारे १२ हजार डॉलर पडते, बाहेरच्याला सुमारे ३४ हजार. मिशिगन विद्यापीठात बाहेरच्याला ६० हजारांच्या आसपास, आणि तरी तिथे पदवीच्या वर्गातली जवळपास निम्मी मुलं राज्याबाहेरची.

लोक विचारतात, एक वर्ष भाड्यानं राहून तिथलंच व्हायचं नाही का? तसं सहसा होत नाही. शिकायला म्हणून आलेला मुलगा शिकायलाच आलेला मानला जातो; आई-वडिलांचं घर कुठे आहे ते बघतात.

मग एवढे पैसे भरून कोण जातं? मिशिगनचं उत्तर सोपं आहे. नाव मोठं, म्हणून लोक भरतात. अलाबामाची गोष्ट वेगळी, आणि मला तीच जास्त सांगण्यासारखी वाटते.

[दृश्य: टस्कलूसा. विटांच्या इमारती, मधलं विस्तीर्ण हिरवळीचं मैदान.]

२००३ साली रॉबर्ट विट इथे अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा विद्यापीठात साधारण २० हजार विद्यार्थी होते. त्यांनी सांगितलं, २८ हजार करायचे. राज्य लहान, त्यात गरीब. एवढी मुलं राज्यातून येणार नव्हती. पुढे २००८ ची मंदी आली आणि सरकारनं हात आखडता घेतला. विद्यापीठानं बाहेर बघायला सुरुवात केलीच होती, आता तर दुसरा मार्गच उरला नाही. त्यांनी आपली माणसं दूरदूरच्या राज्यांत नेमून ठेवली. ती माणसं तिथेच राहायची, शाळाशाळांमधून फिरायची, पालकांशी बोलायची. आज विद्यार्थी ४० हजारांवर गेलेत आणि पदवीच्या वर्गात अलाबामाबाहेरच्या मुलांची संख्या अर्ध्याहून जास्त आहे.

आणि शाळाशाळांमधून फिरणाऱ्या त्या माणसांच्या हातात होता तो तक्ता.

या तक्त्याजवळ मला जरा थांबायचंय. खासगी नामांकित कॉलेजांत प्रवेश कशावर मिळतो, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. निबंध, छंद, शिफारसपत्रं, आणि शेवटी बंद खोलीतला निर्णय. पुण्यातून आलेल्या, बारावीच्या कटऑफवर वाढलेल्या बापाला हे कळतच नाही. त्याला कळतो तक्ता. एवढी सरासरी, एवढे गुण, एवढे डॉलर, दर वर्षी, चार वर्षं. कुणाचे पाय धरायला नकोत, कुणाची मर्जी नको. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या गुणवत्ता स्पर्धेच्या अंतिम यादीत आलेल्या मुलांना तर पूर्ण शिकवणी फी माफ, वर राहण्याची सोय. या घरातल्या बाबांनी मला सांगितलं, "ताई, कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा वाटलं, इथे माझ्या पोरीचा अभ्यास मोजला जातोय."

हिरवा गोल त्यांनीच काढलेला.

[दृश्य: शनिवार. मैदानभर तंबू, किरमिजी कपड्यांतली माणसं.]

पण नुसत्या सवलतीवर पोरगं हजार मैल जात नाही. २००७ मध्ये निक सेबन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून आले. २००९ पासून २०२० पर्यंत त्यांनी इथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. सामने देशभर टीव्हीवर दिसतात, आणि प्रत्येक सामन्यात हे मैदान, हा बेल टॉवर, या लाखभर माणसांचा आवाज घराघरात पोहोचतो. सेबन ही विद्यापीठाची सगळ्यात चांगली आर्थिक गुंतवणूक, असं विट यांनी पुढे जाहीरपणे म्हटलं होतं. मला ते पटतं. ओहायोतल्या किंवा इलिनॉयमधल्या सोळा वर्षांच्या मुलानं टस्कलूसा एरवी नकाशावर शोधलं नसतं.

हा बेल टॉवर म्हणजे डेनी चाइम्स, १९२९ चा. त्याच्या पायथ्याशी सिमेंटमध्ये फुटबॉल संघाच्या कर्णधारांच्या हातांचे आणि पायांचे ठसे आहेत, वर्षावार. कॅम्पस बघायला येणारं जवळजवळ प्रत्येक पोर इथे वाकतं आणि आपला पंजा त्या ठशात ठेवून बघतं. आमच्या या मुलीनंही ठेवला होता. ठसा दुप्पट मोठा, तळाशी कालच्या पावसाचं थोडं पाणी. तिच्या बोटांभोवती चारी बाजूंनी जागा उरली होती. ती म्हणाली, "इथे सगळंच मोठं आहे. म्हणून बरं वाटतं." बाबांनी फोटो काढला, आणि मग आईला पाठवण्यासाठी आणखी एक.

मला वाटतं, ओढ इथेच आहे. मुलांना शिक्षण तर घराजवळही मिळतं. त्यांना हवं असतं एक अख्खं गाव, जिथे सगळे त्यांच्याच वयाचे, सगळ्यांच्या अंगावर तोच किरमिजी रंग, आणि रस्त्यानं जाणारा अनोळखी म्हातारासुद्धा "रोल टाइड" ही संघाची आरोळी देऊन हाक मारतो. स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांना तर जास्तच. जन्मभर "मूळचे तुम्ही कुठले?" ऐकलेल्या मुलीला चार वर्षं एका हाकेत सामील होता येतं. हे वरवरचं आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते वरवरचं वाटत नाही.

[दृश्य: गावातला एक साधा रस्ता, जुनी घरं. आवाज कमी.]

या पाहुणचाराचा खर्च कुठून येतो, तेही बघायला हवं. २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अलाबामा विद्यापीठ गुणांवर आधारित शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला १० कोटी डॉलर खर्च करत होतं. गरज बघून द्यायच्या मदतीसाठी त्याच्या अर्ध्याहूनही कमी. सवलत दिली तरी बाहेरचं मूल बरेचदा घरच्यापेक्षा जास्त पैसे देतं, आणि ज्याचे गुण चांगले त्याच्या घरी बहुधा पैसाही असतो. अलाबामाच्या ग्रामीण भागातलं, क्लास लावायला पैसे नसलेलं मूल या तक्त्यात कुठे बसतं? त्याच्यासाठी तक्त्यात चौकट नाही. फ्रिजवरचा तो हिरवा गोल मला आवडतो, आणि तरीही हे मला बोचतं.

काही राज्यांनी यावर दार थोडं लोटून घेतलं. नॉर्थ कॅरोलायनानं १९८६ पासून चॅपल हिलच्या आपल्या विद्यापीठात बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. टेक्सासात ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठाच्या नव्या वर्गात ९० टक्के जागा टेक्सासच्याच मुलांच्या. कॅलिफोर्नियानंही २०१७ मध्ये मर्यादा आणली. उलट व्हरमाँटसारख्या छोट्या राज्याचं विद्यापीठ बाहेरच्या मुलांवरच चालतं.

[दृश्य: फॉस्टर ऑडिटोरियम. समोरचा चौक, घड्याळाचा मनोरा.]

आमची ही मुलगी आता नव्या कुटुंबांना कॅम्पस दाखवते. तिच्या मागून चालताना मी पाहिलं, डेनी चाइम्सजवळ ती भरभर बोलते, सगळे हसतात. इथे येते तेव्हा चाल मंदावते.

११ जून १९६३. याच दारात राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस वाट अडवून उभे राहिले होते, कारण व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी नाव नोंदवायला आले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडींना नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्यदल, आपल्या हाताखाली घ्यावं लागलं, तेव्हा वॉलेस बाजूला झाले. त्याच्या सात वर्षं आधी, १९५६ मध्ये, ऑथरिन ल्यूसी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी इथे वर्गात बसली होती. जमावानं अंडी आणि दगड फेकले, आणि विद्यापीठानं जमावाला आवरण्याऐवजी त्यांनाच काढून टाकलं. १९८८ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्या परत आल्या आणि १९९२ मध्ये इथूनच एम.ए. झाल्या.

घोळक्यातल्या एका वडिलांनी तिला विचारलं, हे तिघं कुठून आले होते?

"इथूनच," ती म्हणाली. "मलोन मोबीलच्या, हूड गॅड्सडेनचे, ल्यूसी शायलोच्या. तिघंही अलाबामाची."

वडील काही बोलले नाहीत. राज्यात आज चारातला एकाहून जास्त माणूस कृष्णवर्णीय आहे, विद्यापीठात दहातला एक, त्याच्या थोडं इकडे तिकडे. चौकाला मलोन आणि हूड यांचं नाव आहे, मनोऱ्याला ल्यूसींचं.

घोळका पुढे सरकतो. ती दोन पावलं मागे राहते, दार ढकलून बघते. उघडंच आहे. आत मुलींच्या व्हॉलीबॉलचा सराव चाललाय, चेंडू लाकडी फरशीवर आपटल्याचा आवाज बाहेर चौकापर्यंत येतो.