मनगट मोडलं तर ऑपरेशन कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस लागला की आमच्या हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या मनगटांची रांग लागते. अंगणात शेवाळ, बांध निसरडे, शेतात चिखल. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. शहरात तेच काम दुचाकी करते, तिला पावसाचीही गरज लागत नाही.

आधीच सांगून टाकतो. दिसायला जो हात भयंकर वाकडा, तो बऱ्याचदा प्लास्टरवर भागतो. आणि ज्याला घरचे "मुरगळलंय, तेल चोळ, होईल बरं" म्हणतात, त्याच हाताला कधी कधी ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

वाकडा हात आधी घेऊ. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यातलं अंगठ्याकडचं, म्हणजे रेडियस, मनगटाजवळ मोडतं. पाळी गेलेल्या बायकांत हे फ्रॅक्चर फार, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली याचं वर्णन लिहिलं. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे त्यांनी हे सगळं नुसतं हातानं चाचपून ओळखलं होतं. व्यंग राहिलं तरी पुढे कधीतरी हात दुखायचा थांबतो आणि नीट हलू लागतो, असंही ते लिहून गेले. तरुण माणसाच्या बाबतीत हे आज आम्ही मान्य करत नाही. पण पासष्टीच्या पुढच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की वर्षभरानंतर ऑपरेशन करून धातूची प्लेट घातलेला हात आणि प्लास्टरमधला, थोडा वाकडा जुळलेला हात, यांच्या रोजच्या कामात फारसा फरक राहत नाही.

मग आजींना प्लास्टरच घालायचं का? तसंही नाही. पासष्टीची एक आजी सोप्यात बसून नातवंडं सांभाळते. दुसरी त्याच वयाची, भाताची लावणी करते, दोन म्हशी पिळते आणि घरात दुसरं कुणी नाही. निपाणीकडची तिसरी दिवसभर विड्या वळते, तिचं पोटच मनगटावर आहे. एक्स-रे तिघींचा सारखा असला तरी माझा सल्ला सारखा नसेल. म्हणून डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

हाड जागेवर बसवल्यावर दोन-तीन आठवडे ते पुन्हा सरकू शकतं. ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. हाड बसवून निम्म्यांना प्लास्टर घातलं, निम्म्यांना कातडीतून हाडात धातूच्या तारा घातल्या. वर्षानंतर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. मात्र प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठात एकाचं हाड सरकलं आणि त्याला नंतर ऑपरेशन लागलं. म्हणून आठवड्यानं पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. लोक येत नाहीत. प्लास्टर घातलंय, मग आता कशाला, असा हिशेब. दीड महिन्यानं येतात तेव्हा हाड वाकडंच जुळलेलं असतं आणि सरळ करायचं तर ते कापावं लागतं.

काही ठिकाणी मात्र वाट बघण्यात अर्थ नसतो. जखमेतून हाड बाहेर आलं असेल, बोटं बधिर होत असतील, सांध्याच्या आतला पृष्ठभाग फुटून दोन मिलीमीटरपेक्षा जास्त पायरी पडली असेल, किंवा तळव्याकडच्या कडेचा तुकडा सांध्यासकट घसरला असेल. असा तुकडा प्लास्टरमध्ये थांबत नाही, त्याला पुढून प्लेट लावावी लागते. बहुधा खांद्यापासून हात बधिर करूनच हे होतं, पूर्ण भूल लागतेच असं नाही.

आता न दिसणारं. मनगटात लहान लहान आठ हाडं आहेत. त्यातलं स्कॅफॉइड सर्वांत जास्त मोडतं, आणि तेही तरुण पोरांचं. सूज बेताची, हात सरळ. पहिल्या एक्स-रेत रेघ दिसेलच असं नाही. अंगठा ताणून वर केलात की त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये खळगा पडतो. जुनी माणसं तपकिरीची चिमूट तिथं ठेवून ओढायची, निपाणीकरांना वेगळं सांगायला नको. त्या खळग्यात दाबलं आणि दुखलं, तर एक्स-रे साफ असला तरी हात बांधून ठेवायचा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो किंवा एमआरआय करायचा.

एवढी काळजी का? या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून येतं आणि मागे वाहतं. कालव्याच्या शेवटच्या शेताचं जे होतं तेच इथं होतं. मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याला पुरेसं पोचत नाही. मग हाड जुळत नाही, तुकडा मरू शकतो आणि काही वर्षांत सांधा झिजतो. वेळेत आलात तर लहानशा छेदातून बिनडोक्याचा स्क्रू घालून दोन्ही तुकडे आवळता येतात. उशीर झाला तर कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागतं.

याहून वाईट म्हणजे ही लहान हाडं निखळणं. माडावरून, छपरावरून किंवा वेगातल्या मोटारसायकलवरून पडलेल्यांना होतं. गंमत अशी, की समोरून घेतलेल्या फोटोत ते चटकन लक्षात येत नाही. बाजूचा फोटो नीट बघावा लागतो, आणि जगभरातच चारात एक केस पहिल्यांदा नजरेतून सुटते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर झाली, तर ल्युनेट नावाचं हाड नसेवर दाबतंय असं समजा आणि सकाळची वाट बघू नका. सांधा त्याच रात्री बसवायचा, मग उघडून हाडांना हाडं बांधून ठेवणारे तुटलेले अस्थिबंध शिवायचे, तारा घालायच्या, दोन-अडीच महिने हात बांधून ठेवायचा. इतकं करूनही मनगट थोडं आखडतंच. हे मी रुग्णाला ऑपरेशनच्या आधी सांगतो.

हाडवैद्यांविषयी विचारतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर बोटं निळी किंवा गार पडली, सरळ करताना असह्य कळ आली, तर बांधलेलं लगेच सोडा आणि दवाखाना गाठा. आमच्या प्लास्टरलाही हाच नियम. आणि पडल्या पडल्या अंगठी, पाटल्या, बांगड्या काढा. हिरवा चुडा वाढवायला बायकांचं मन होत नाही, मग सुजल्यावर सोन्याची पाटलीही कापावी लागते.

तारा घातल्या असतील तर त्यांची टोकं कातडीबाहेर असू शकतात. चार ते सहा आठवड्यांनी त्या काढतात. तोवर त्या हातानं चिखलात जाऊ नका, पू होतो. प्लेट मात्र बहुतेकांना जन्मभर राहिली तरी चालते. अंगठा वाकवताना घासल्यासारखं किंवा टोचल्यासारखं वाटलं, तर दाखवायला या. येताना जुने एक्स-रे बरोबर आणा. नमस्कार.