टेबलाभोवतीचं संगीत

श्रोतेहो, नमस्कार.

१५९७ साली लंडनमध्ये जॉन डाउलंड या संगीतकाराचं गाण्यांचं पहिलं पुस्तक छापून निघालं. त्याचं पान पाहिलं की आधी वाटतं, छापखान्यात काहीतरी घोळ झालाय. एक ओळ सुलट, दुसरी आडवी, तिसरी चक्क उलटी. पण तेच पुस्तक टेबलाच्या मधोमध उघडून ठेवा आणि भोवती माणसं बसवा. प्रत्येकासमोर त्याची त्याची ओळ सुलट येते. पुस्तक एकच, गळे चार आणि साथीला ल्यूट, म्हणजे गिटारसारखं बोटांनी छेडायचं जुनं तंतुवाद्य.

मला हे पान फार बोलकं वाटतं. बाहेरून येऊन ऐकणाऱ्याचा त्यात विचारच केलेला नाही. जो टेबलाशी बसेल त्याने गायचं किंवा वाजवायचं. त्याच वर्षी थॉमस मॉर्ली या संगीतकाराने संगीत शिकवणारं एक पुस्तक काढलं. त्यात एक गृहस्थ धावतपळत गुरूकडे येतो. झालेलं असं की, आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर यजमानीणबाईंनी रिवाजाप्रमाणे गाण्याच्या वह्या टेबलावर आणल्या आणि एक याच्याही हाती दिली. ‘मला येत नाही,’ असं हा म्हणाला, तेव्हा मंडळी आपसांत कुजबुजायला लागली, याला लहानपणी शिकवलं तरी काय? तिकीट काढून कुणीही ऐकायला यावं अशा मैफली लंडनमध्ये जॉन बॅनिस्टरने सुरू केल्या त्या १६७२ साली, म्हणजे या प्रसंगानंतर पाऊण शतकाने.

इंग्लंडात या संगीताला ‘अर्ली म्युझिक’ म्हणतात. ढोबळमानाने १७५० च्या आधीचं, बाख या जर्मन संगीतकाराच्या मृत्यूपर्यंतचं युरोपीय संगीत. आज ते मोठमोठ्या सभागृहांत होतं, यॉर्कला १९७७ पासून त्याचा महोत्सव भरतो, जगभरचे नामवंत तिथे येतात. ते ऐकावंच. पण मला आज बोलायचंय ते गावागावांतल्या हौशी गटांबद्दल. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमून हेच संगीत वाजवणाऱ्या निवृत्त शिक्षिका, पोस्टमन, डॉक्टर, कॉलेजची मुलं यांच्याबद्दल. लोक त्यांच्याकडे कौतुकाने पण जरा वरून पाहतात, आणि ते मला पटत नाही. या संगीतातला मोठा भाग लिहिला गेला तो अशाच माणसांसाठी.

हे समजायला त्याची रचना समजायला हवी. आपल्या मैफलीत गायक एक, बाकीचे साथीला. इथे चार किंवा पाच ओळी असतात आणि प्रत्येक ओळ मुख्य असते. एकजण एक तुकडा सुरू करतो. तो पुरा व्हायच्या आत दुसरा तोच तुकडा खालच्या स्वरापासून उचलतो, मग तिसरा. तुकडा हातोहात फिरतो, मध्येच हरवतो आणि अनपेक्षित जागी पुन्हा वर येतो. बाहेरून ऐकताना हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. आत बसून वाजवताना मात्र शेजारच्याने आपल्याकडे तुकडा कसा सरकवला, हे अगदी स्वच्छ कळतं.

हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराने १६८० च्या सुमारास, ऐन विशीत, व्हायोल या वाद्यांसाठी काही फँटेझिया, म्हणजे अशाच गुंफलेल्या ओळींच्या रचना, लिहिल्या. व्हायोल म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं सहा तारांचं वाद्य. त्याच्या मानेवर आतड्याच्या तारांचेच पडदे बांधलेले असतात. या फँटेझियांपैकी एक पाच वाद्यांसाठी आहे आणि त्यातल्या एका वादकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरायचा असतो, पट्टीतला मधला ‘सी’. आपल्या तंबोऱ्यासारखा तो स्वर स्थिर, आणि भोवतीच्या चार ओळी त्याला कधी आधार करतात, कधी त्याच्याशी भांडतात. ज्याने कालपरवाच गज हातात धरलाय, तो माणूसही पर्सेलच्या एका उत्तम रचनेत बसू शकतो. त्याच्या जागेवरून ती सगळ्यांत चांगली ऐकू येते, असंही मी म्हणेन.

दक्षिण इंग्लंडमध्ये राहत असताना मी अशाच एका गटात रेकॉर्डर वाजवायचे. रेकॉर्डर हे शिट्टीसारख्या तोंडातून फुंकायचं लाकडी वाद्य, आपल्या पाव्याच्या नात्यातलं. त्याचं अख्खं कुटुंब असतं: वीतभर उंचीच्या सोप्रानिनोपासून जमिनीला टेकणाऱ्या बासपर्यंत. हिवाळ्यात हॉलमध्ये शिरलं की सगळे आधी वाद्य कोटाच्या आत, काखेत धरून उभे राहायचे. गार लाकूड स्वराला उतरलेलं असतं, आणि त्यात गरम श्वास गेला की फुंकायच्या फटीत पाणी धरतं, आवाज घोगरा होतो. व्हायोलवाल्यांची वेगळीच तऱ्हा. हवा जरा दमट झाली की आतड्याच्या तारा सरकायच्या आणि सूर लावण्यातच पहिला चहा व्हायचा. शिवाय स्वर कुठला धरायचा, हा प्रश्न असतोच. आजचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा. बरोक काळातल्या, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधल्या, वाद्यांसाठी ४१५ धरतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. बोलावण्याच्या चिठ्ठीतच आकडा लिहिलेला असायचा. चुकीचं वाद्य आणलं तर दिवसभर पानं उलटायची.

मग वाजवणं. कुणीतरी चार मोजायचं, आणि दहाव्या-बाराव्या बारला, म्हणजे मात्रांच्या खणाला, कुणीतरी हरवायचं. हरवलेल्याने थांबायचं, ऐकायचं आणि ओळखीचा तुकडा आला की परत चढायचं. सगळ्यांना थांबवायचं नाही, हा अलिखित नियम. दुपारपर्यंत तोच तुकडा असा जुळून यायचा की शेवटच्या स्वरानंतर कुणी चटकन वाद्य खाली ठेवत नसे. वर्षातून दोनदा त्याच हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचा. प्रवेश मोफत, दाराशी चर्चच्या छपरासाठी पेटी, ऐकायला घरची माणसं आणि शेजारीपाजारी.

हे गट उभे राहिले त्यामागे एका माणसाचा हट्ट आहे. आर्नोल्ड डोल्मेच हा फ्रान्समधल्या ल मान्सचा, वाद्य बनवणाऱ्यांच्या घरातला. इंग्लंडला आल्यावर संग्रहालयांत धूळ खात पडलेली हस्तलिखितं त्याने वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की हे वाजवायला त्या काळचीच वाद्यं हवीत. मग तो ती स्वतः बनवू लागला: ल्यूट, आणि क्लॅव्हिकॉर्ड, हार्प्सिकॉर्ड ही पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं. १९१९ साली वॉटर्लू स्टेशनवर त्याची एक पिशवी राहून गेली. पिशवीत ब्रेसां या जुन्या कारागिराने बनवलेला रेकॉर्डर होता. त्याची आधीच घेतलेली मापं होती, त्यांवरून डोल्मेचने नवा बनवायला घेतला आणि त्यातून विसाव्या शतकात रेकॉर्डर पुन्हा माणसांच्या हातात आला. १९२५ पासून सरे परगण्यातल्या हेझलमिअर गावात त्याने घरच्यांना घेऊन महोत्सव भरवला. १९३७ साली त्याचा मुलगा कार्ल आणि एडगर हंट यांनी रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची संस्था काढली. तिच्या शाखा आजही ब्रिटनभर आहेत. महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे स्वस्त रेकॉर्डर निघाले आणि शाळाशाळांत पोचले.

रेडिओवर बोलताना डेव्हिड मन्रो या वादकाचं नाव न घेणं मला जमणार नाही. केंब्रिजला शिकताना त्याने भिंतीवर टांगलेला क्रमहॉर्न पाहिला. छत्रीच्या दांड्यासारखं वाकलेलं, मधमाशीसारखं गुणगुणणारं वाद्य ते. तिथून तो या वाटेला लागला. १९७१ ते १९७६ बीबीसीवर मुलांसाठी त्याचा कार्यक्रम चालायचा, आणि तो ऐकून वाद्य हातात घेतलेले कितीतरी लोक या गटांमध्ये भेटतात. १९७६ साली तो गेला, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. एवढ्या थोड्या काळात एका माणसाने किती जणांना वाजवायला बसवलं!

आपल्यालाही हे संगीत अगदी परकं नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं युरोपीय स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये त्यांचे वडील गायनवृंदाचे मास्तर होते. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोंत कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आजही संगीत महोत्सव भरतो.

कुणा श्रोत्याला स्वतः वाजवून पाहायचं असेल, तर सुरुवातीला टिलमन सुसाटोचे नाच घ्या. १५५१ साली अँटवर्पमध्ये त्याने ते छापले. चार ओळी, सोप्या, ठेक्याच्या. हक्कांचा प्रश्न केव्हाच संपलाय, त्यामुळे नोटेशन इंटरनेटवर फुकट मिळतं. आमच्याकडे ती जुनी वाद्यं कुठली, अशी अडचण काढू नका. हे नाच सगळ्या वाद्यांवर वाजवायला सोयीचे आहेत, असं सुसाटोने मुखपृष्ठावरच छापलंय. वरची ओळ व्हायोलिनवर वाजवा, मधल्या दोन बासरीवर आणि पेटीवर. सगळ्यांत खालच्या ओळीला सेलो नसेल तर गिटार चालेल.

नमस्कार.