सांबऱ्याची धावपट्टी, दाबोळीचे घड्याळ

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि बंधू-भगिनींनो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘गोव्याचा विमानतळ आणि बेळगाव’ असा छापलेला आहे. बेळगावात उभे राहून गोव्याच्या विमानतळाविषयी का बोलायचे, असा प्रश्न दोघा-तिघांनी मला दारातच विचारला. त्याचे उत्तर आपल्याच कपाटांत ठेवलेल्या पासपोर्टांवर आहे. खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातील कितीतरी घरांतून एखादा मुलगा मस्कतला, कुवेतला किंवा दोह्याला गेला. त्याच्या पासपोर्टावरचा पहिला शिक्का मुंबईचा तरी असतो, नाहीतर गोव्याच्या दाबोळी विमानतळाचा. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाचा शिक्का कोणाच्याही पासपोर्टावर नाही. असे का झाले, याचा विचार मी भूगोल शिकवत असताना अनेक वर्षे करीत आलो, आणि माझ्यापुरता एका मतावर स्थिरावलो. विमानतळ बांधला जातो जमिनीवर. पण तो वाढतो तो त्याला दिवसातून किती तास मोकळे मिळतात, त्यावर. हे मत आज तुमच्यासमोर मांडायचे आहे आणि शेवटची पंधरा मिनिटे सांबऱ्याच्या भवितव्यासाठी राखून ठेवायची आहेत.

दुसरे महायुद्ध चालू असताना १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने सांबऱ्याच्या माळावर धावपट्टी तयार केली. त्या वेळी दाबोळीच्या पठारावर विमानतळाचा मागमूसही नव्हता. आपल्या शेजारात थोरलेपणाचा मान द्यायचा तर तो कोल्हापूरच्या उजळाईवाडीला द्यावा लागेल, कारण राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत तेथील विमानतळ १९३९ मध्येच सुरू झाला होता. परंतु गोव्याच्या तुलनेत आपण निश्चितच आधीचे. युद्ध संपले, इंग्रज गेले, आणि सांबऱ्याला भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आली. आजही देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली तरुण मुले तिथे हवाई सैनिक होण्याचे शिक्षण घेतात. सुटीच्या दिवशी ही मुले खडे बाजारात खरेदीला आलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत.

दाबोळीचा जन्म कोंडीतून झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला, भारत सरकारने पोर्तुगीज वसाहतींची आर्थिक नाकेबंदी केली आणि १९५५ मध्ये कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणारी रेल्वेही थांबली. त्या वर्षीच्या सत्याग्रहात सत्याग्रहींच्या तुकड्या ज्या गावांतून सीमेकडे निघाल्या, त्यांत बेळगावचे स्थान किती मोठे होते, हे या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरातील माणसे त्या तुकड्यांत होती, असे श्रोते येथे बसलेले असतील. खुष्कीचे मार्ग बंद झाले तेव्हा पोर्तुगीज सत्तेला आकाशाचा मार्ग उघडावा लागला. दाबोळीचा विमानतळ १९५५ मध्ये सुरू झाला, त्याला तेव्हाच्या गव्हर्नर जनरलचे, बेनार्द गेदिश यांचे, नाव दिले गेले, आणि गोव्याची स्वतंत्र विमानसेवा दमण, दीव आणि कराचीकडे उड्डाणे करू लागली. बेळगावच्या माणसाला घाट उतरून गोव्यात जाणे अवघड झालेले असताना गोव्याचा माणूस विमानाने कराचीला जात होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुढे १८ डिसेंबर १९६१ चा दिवस उजाडला. भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी आपल्या सांबऱ्यावरून उड्डाण करून बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त केले आणि पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. प्रवासी इमारतीला धक्का लावू नये, असा स्पष्ट आदेश वैमानिकांना होता आणि तो पाळला गेला. इथे एका तपशिलाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. बाँबहल्ल्यानंतर त्याच रात्री धावपट्टीवरचे खड्डे घाईघाईने बुजवले गेले आणि अंधारात दोन प्रवासी विमाने काही कुटुंबांना घेऊन कराचीकडे निघून गेली. काही तास मोकळे मिळाले, तर मोडलेल्या धावपट्टीवरूनही विमान उडते. आणि तास मिळाले नाहीत, तर धडधाकट धावपट्टीवरूनही ते उडत नाही, याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे.

गोवा मुक्त झाल्यावर दाबोळी नौदलाच्या ताब्यात आली आणि १९६४ मध्ये नौदलाचा ‘हंस’ हा हवाई तळ कोइंबतूरकडून तिथे हलला. विमानवाहू नौकेवरच्या विमानांना किनाऱ्यावर घर लागते. ते घर दाबोळी झाले. नागरी विमानांना त्या घराच्या एका कोपऱ्यात जागा मिळाली, आणि पुढची साठ वर्षे ती जागा कोपऱ्याचीच राहिली.

माझा अनुभव १९९० च्या दशकातला आहे आणि तो सविस्तर सांगण्याची परवानगी मी मागतो. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी आखातात निघाला होता. घरातून परदेशी जाणारा तो पहिलाच. निरोप द्यायला आई, वडील, मोठी आत्या, दोन चुलत भाऊ, मी आणि माझी पत्नी असे सगळेच निघालो. शेजारच्यांची ट्रॅक्स ठरवली. आईने शेंगाचटणी, दशम्या आणि दोन डबे कुंदा बांधून दिला. विमान दुपारचे होते. पण घाटात काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून वडिलांनी रात्री साडेअकरालाच गाडी काढायला लावली. खानापूर, लोंढा, रामनगर करीत आम्ही अनमोडला पोहोचलो तेव्हा खनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली होती. पाऊस, धुके आणि त्या रांगेत आम्ही तीन तास अडकलो. आत्या जपमाळ ओढत होती, भाऊ वारंवार तिकीट चाचपून पाहत होता, आणि वडील एकही शब्द न बोलता घड्याळाकडे पाहत होते. मोले, फोंडा, वेर्णा करीत दाबोळीला पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते.

विमान सुटलेले नव्हते, ते सुटणारही नव्हते. तिथल्या एका हमालाने वडिलांना नम्रपणे सांगितले, “काका, घाई कसली? सकाळची पट्टी नौदलाची. तुमचे विमान दुपारनंतर.” आम्ही बाहेरच्या आडोशाला सतरंजी अंथरली आणि दशम्या सोडल्या. थोड्या वेळाने असा आवाज झाला की आत्याच्या हातातली माळ गळून पडली. नौदलाचे सी हॅरियर विमान पठारावर येऊन हवेत जागच्या जागी थांबले आणि सरळ खाली उतरले. त्या सकाळी आम्ही अशी विमाने पुनःपुन्हा येताना पाहिली. वडील शेतकरी, ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “रान कुणाचं का असंना, पाण्याची पाळी ज्याची, पीक त्याचं.” कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. माझे सगळे व्याख्यान या वाक्यातून आलेले आहे.

नौदलाविषयी माझ्या मनात तक्रार नाही, हे आवर्जून सांगतो. त्यांचा तळ होता म्हणून ती धावपट्टी टिकली, लांबली आणि सुस्थितीत राहिली. परंतु परिणाम व्हायचा तो झाला. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा काळ नागरी विमानांना बंद. सकाळी निघून संध्याकाळी परतणारा मुंबई-बंगळुरूचा उद्योजक ज्या वेळा मागतो, नेमक्या त्याच वेळा दाबोळीला देता येत नव्हत्या. युरोपातून सुट्टीसाठी येणाऱ्या चार्टर विमानांना मात्र ही अडचण फारशी नव्हती. ती पहाटे किंवा रात्री येऊ शकत. म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दाबोळी वाढली ती पर्यटनाच्या अंगाने. घड्याळाने विमानतळाला आकार दिला आणि विमानतळाने गोव्याच्या किनाऱ्याला. २०१३ च्या अखेरीस दाबोळीला नवी, मोठी इमारत मिळाली, २०१८-१९ मध्ये वर्षाला ८४ लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करू लागले. पाळी मात्र तीच राहिली.

पेडणे तालुक्यातील मोपाचा विमानतळ हे या पाळीला शोधलेले उत्तर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि पहिले प्रवासी विमान तिथून सुटले ५ जानेवारी २०२३ रोजी. मधली जवळजवळ तेवीस वर्षे उत्तर गोवा की दक्षिण गोवा, दाबोळी राहणार की बंद होणार, या वादात आणि न्यायालयात गेली. पर्यावरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काम थांबवले आणि २०२० मध्ये ते पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांतील लोकांच्या पिढीजात जमिनी आणि त्या पठारावरची झाडे यांची किंमत या उत्तरात मोजली गेली आहे. आपल्यासाठी सोय झाली, म्हणून ती किंमत आपण विसरता कामा नये. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आणि चोवीस तास उघडे आकाश, हे मोपाचे खरे भांडवल. मनोहर पर्रीकरांचे नाव लाभलेल्या या विमानतळाने आखाताकडची आणि लंडनची उड्डाणे थोड्याच काळात आपल्याकडे ओढली, त्यामागे इमारतीच्या सौंदर्याचा भाग फार थोडा आहे.

अध्यक्षांनी आताच चिठ्ठी दिली आहे आणि तीत ‘दहा मिनिटे’ असे लिहिलेले आहे. सांबऱ्याविषयी जे विस्ताराने बोलायचे ठरवले होते, ते आता आटोपते घ्यावे लागेल.

‘सांबरा आंतरराष्ट्रीय करा’ ही मागणी आपण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. आंतरराष्ट्रीय म्हणजे सीमाशुल्क, पासपोर्ट तपासणी, आरोग्य तपासणी, परदेशातून येणारी रोपे-प्राणी यांची तपासणी, आणि हे सर्व कर्मचारी विमानाच्या वेळी, रात्री-अपरात्रीही, हजर असणे. पुन्हा तासांचाच प्रश्न. दुसरी गोष्ट उंचीची. सांबऱ्याची धावपट्टी वाढवून २,३०० मीटर केली आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नवी इमारत सुरू झाली. पण सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे विमानाला जास्त धावावे लागते. दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी साधारण ७ टक्के जास्त लागते, या प्रचलित हिशोबाने आपले २,३०० मीटर म्हणजे समुद्रकाठचे जेमतेम १,९५० मीटर. उन्हाळ्याचा उष्मा धरला तर आणखी कमी. भरलेले मोठे विमान दूरच्या पल्ल्यावर पाठवायचे असेल, तर हा हिशोब आधी मांडला पाहिजे.

तिसरी गोष्ट अनुदानाची. लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत हुबळीचा समावेश आपल्या आधी झाला, आणि २०१८ मध्ये सांबऱ्यावरची उड्डाणे तिकडे वळली. त्या काळात घरातल्या रुग्णाला घेऊन चेन्नईला जायचे तिकीट माझ्या हातात होते आणि निघण्याच्या थोडेच दिवस आधी कंपनीने ते रद्द केल्याचे कळवले. विमान गाठण्यासाठी आजारी माणसाला गाडीत घालून शंभरेक किलोमीटर हुबळीला न्यावे लागले. २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत बेळगाव आले, आणि इंदूर, सुरत, तिरुपती, नाशिक अशा गावांना आपण थेट जोडले गेलो. तो काळ सांबऱ्याचा सर्वांत चांगला काळ. मात्र अनुदान तीन वर्षांचे असते. ते संपल्यावर काही सेवा बंद पडल्या. १० मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन आणि बेळगावच्या नव्या इमारतीची पायाभरणी एकाच दिवशी झाली. इमारत होईल. ती झाल्यावर किती तास उघडी राहणार आणि रात्री शेवटचे विमान किती वाजता उतरवून घेणार, हे विचारणारे निवेदन मात्र मी अजून कुठे वाचलेले नाही.

माझी सूचना छोटी आहे. पुढची काही वर्षे आपल्या परदेशवारीचे दार मोपाच राहणार, हे मान्य करून आपण दोन गोष्टी मागाव्यात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळीमार्गे मोपाला साधारण तीन तास लागतात. त्या रस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळली की ती हटवणारी यंत्रणा घाटातच तैनात असावी, आणि मोपाच्या परदेशी उड्डाणांच्या वेळांशी जुळवलेली बस बेळगावहून रात्रीही सुटावी. सांबऱ्यासाठी एकच मागणी: पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत नागरी उड्डाणांना मुभा आणि त्यासाठी लागणारे कर्मचारी. सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येता आले, तर प्रवासी वाढतील. प्रवासी वाढले, तर कंपन्या अनुदानाशिवाय टिकतील. आणि त्यानंतर सीमाशुल्काच्या खिडकीची मागणी आकड्यांनिशी करता येईल.

या तिन्ही मागण्यांचे निवेदन मी मराठीत आणि कन्नडात लिहून आणले आहे. ते बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवलेले आहे. ज्यांच्या घरातले कोणी परदेशी आहे, त्यांनी सहीसोबत आपण शेवटच्या वेळी विमानतळाला जाण्यासाठी घरातून किती वाजता निघालात, तेही लिहावे. त्यासाठी कागदावर वेगळा रकाना आखलेला आहे.