बातमी आधी तिला: वंध्यत्वावरील माहितीपटाच्या पहिल्या चित्रीकरणाविषयी

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, लुईस ब्राउनचा, जन्म झाला, तेव्हा शस्त्रक्रियागृहात कॅमेरा हजर होता. शरीराबाहेर फलन होऊन बाळ जन्माला येते यावर जगाने शंका घेऊ नये, यासाठी तो पुरावा होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून याच पद्धतीने एक मुलगी जन्मली; मात्र सरकारी समितीने त्यांचा दावा मानला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह हेच यश मिळवणाऱ्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून भारतातील पहिलेपणाचा मान त्यांना दिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आज असा पुरावा कोणी मागत नाही. मग आपण कॅमेरा घेऊन वंध्यत्वाच्या दवाखान्यात का जातो, हा प्रश्न दिग्दर्शक, छायालेखक आणि ध्वनिमुद्रक एवढ्याच आमच्या तुकडीपुढे पहिल्या चित्रीकरणाआधी होता. अशा उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने दवाखान्यावर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. त्यामुळे चित्रीकरणाला डॉक्टरांचा होकार पुरेसा नसतो, तो पती आणि पत्नी दोघांकडून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. सासूबाई खोलीत असताना घेतलेली सही मी होकार समजत नाही.

प्रयोगशाळेची शिस्त आधी समजून घ्यावी. स्त्रीबीज आणि भ्रूण यांना तीव्र प्रकाश मानवत नाही, म्हणून तिथे दिवे मंद असतात आणि आपले दिवे बाहेरच राहतात. तापमान ३७ अंशांच्या आसपास राखलेल्या, भ्रूण ठेवायच्या पेट्या वारंवार उघडता येत नाहीत, आणि अत्तर लावून आत जाण्याचीही मनाई असते. या अटी मान्य करून जे चित्र मिळेल तेच आपले.

बीज काढण्याच्या दिवशी बाई भुलीखाली असते. सोनोग्राफीच्या आधाराने सुईतून ओढलेला लालसर द्रव गरम ठेवलेल्या नळ्यांतून शेजारच्या प्रयोगशाळेत जातो, तिथे तो बशीत ओततात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या भ्रूणतज्ज्ञ आकडा मोठ्याने सांगत जातात. ध्वनिमुद्रकाच्या कानाला हेडफोन असतो. म्हणजे किती बीजे मिळाली हे शुद्धीवर येण्याआधीच तिच्याविषयी एका परक्या माणसाला कळते. आम्ही ठरवले की त्या वेळी माइक बंद राहील, चित्र निःशब्द घेतले जाईल, आणि आकडा डॉक्टरांनी तिला सांगितल्यावर ती आम्हाला सांगेल, तिची इच्छा असेल तरच. संकलनाच्या दृष्टीने आम्ही एक प्रभावी क्षण सोडला, पण त्या क्षणावर आपला हक्क होता असे मला कधीच वाटले नाही.

उपचारांचा मोठा भाग दवाखान्यात होतच नाही. एका ताईंच्या फ्रिजमध्ये इंजेक्शने दुधाच्या पातेल्यामागे ठेवलेली होती, आणि शेजारणीला त्यांनी शुगरचे औषध म्हणून सांगितले होते. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात दाखवा, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मनगटावर नावाचे गोंदण होते. गावातल्या कोणीही ते ओळखले असते, म्हणून आम्ही कॅमेरा तळहाताच्या बाजूने लावला. कुपीतली पावडर द्रावणात विरघळवून सुईतला बुडबुडा टिचकीने वर आणताना त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.

त्यांच्या यजमानांच्या तपासणीतही दोष आढळला होता. मूल न होण्याचे कारण पुरुषात असणे अगदी नेहमीचे आहे, तरी घरात सगळा बोल बाईवरच येतो. यजमानांनी कॅमेऱ्यासमोर बोलायला आधी नकार दिला आणि आम्ही आग्रह धरला नाही. नंतर ते स्वतःहून बोलायला बसले, आणि माहितीपटातले सर्वांत नेमके बोलणे मला त्यांचेच वाटते.

भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. या काळात आपण फोन करायचा नाही. त्यांनी केला तर घ्यायचा. निकाल काहीही लागो, त्यानंतर संमती पुन्हा विचारायची आणि संकलन पूर्ण होईपर्यंत ती मागे घेण्याची मुभा ठेवायची. ही अट आम्ही संमतिपत्रात लिहून दिली आहे, आणि संमती मागे घेणाऱ्याचे सर्व चित्रीकरण त्याच्यादेखत पुसले जाते.