दोरा तुटू दे, कातडं टिकू दे

[दृश्य: कोल्हापूर, चप्पल लाईन. दुकानांची शटरं वर जातात.]

निवेदन: चप्पल लाईनीत शिरलेला माणूस पायातल्या मापाचं बोलतो. आपल्याला हवाय फक्त तळहाताएवढा कातड्याचा तुकडा. भाच्याला वाढदिवसाला द्यायचं कोडं त्यातून होणार आहे.

[दृश्य: लाकडी पाटावर कातडं, शेजारी रापी (कातडं कापायचं हत्यार) आणि आरी (भोक पाडायचा टोच्या).]

कोडं जुनंच. कातड्याला दोन समांतर चिरा, मध्ये उरलेली अरुंद पट्टी, खाली एक गोल भोक. पट्टीमागून घेतलेल्या दोऱ्याची दोन्ही टोकं भोकातून बाहेर येतात आणि प्रत्येक टोकाला भोकात न मावणारा मणी. कातडं न कापता, गाठ न सोडता दोरा बाहेर काढायचा.

उत्तर इथंच सांगावं लागतंय, कारण सगळी झीज तिथंच होते. कातडं दुमडून पट्टीच भोकातून ओढायची. तिचा फास झाला की त्यातून मणी निघतो. म्हणजे पट्टी शेकडो वेळा वाकणार, ओढली जाणार. ती ताणून लांबली की कोडं आपोआप सुटायला लागतं, मग कसली मजा?

कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते घट्ट असतं, आकार धरतं. पण तळाचं जाड कातडं इथं वाकणारच नाही. वरच्या पट्ट्याचं पातळ मागायचं. जनावराच्या पोटाकडचं कातडं सैल असतं, ते स्वस्तात मिळालं तरी नको. पाठीचं घ्यायचं आणि पट्टी कण्याच्या दिशेनं कापायची, तिकडं ताण कमी बसतो. चिरेच्या टोकांना आधी आरीनं बारीक गोल भोक पाडायचं, मग रापी फिरवायची. नाहीतर चीर पुढं फाटत जाते.

[दृश्य: उद्यमनगर, लेथवर फिरणारं शिसव.]

मण्याला लोखंड नको. घामट हातानं किंवा पावसाळी दमटपणानं ते ओलावलं की सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून कातड्यावर काळे डाग पाडतं. पितळ देखणं, पण तेल लावलेल्या कातड्याला टेकून हिरवट होतं. शिसवाचा मणी बरा: कठीण, जड, डागही नाही.

[दृश्य: सुती आणि नायलॉनचा दोरा शेजारीशेजारी.]

राहिला दोरा. बारीक नायलॉन तुटत नाही, म्हणून लोक तोच घेतात. इथंच माझं पटत नाही. न सुटणाऱ्या कोड्याला माणूस हिसका देतोच, कोल्हापुरात तर जरा जास्तच. नायलॉन टिकला तर पट्टी कापली जाते. मेण चोळलेला जाडसर सुती दोरा आधी तुटेल, आणि दोरा बदलता येतो. डबीत उत्तराचा कागद ठेवू नका. हातभर जादा दोरा मात्र ठेवा.