पिणाऱ्याचा नियम आणि विकणाऱ्याचा गल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर ‘जे. डब्ल्यू. मॅरियट’ या नावाची आलिशान हॉटेले आहेत. पाटीवरची जे. डब्ल्यू. ही अक्षरे जॉन विलार्ड मॅरियट या अमेरिकन उद्योजकाच्या नावातली. हे गृहस्थ धर्माने मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. मॉर्मन माणसाला दारू आणि तंबाखू तर वर्ज्य असतातच, पण चहा आणि कॉफीसुद्धा वर्ज्य असतात. असे असूनही ज्यांच्या दारावर त्यांचे नाव झळकते त्या हॉटेलांत सकाळी कॉफी मिळते आणि संध्याकाळी बारही सुरू असतो. जी वस्तू स्वतःच्या तोंडाला लावणे आपला धर्म पाप मानतो, ती दुसऱ्याला विकून आलेला नफा धर्मनिष्ठ माणसाने खिशात घालावा का, या प्रश्नाविषयी आज बोलायचे आहे. या पंथाचे अनुयायी अलीकडे स्वतःला ‘लॅटर-डे सेंट्स’ म्हणवून घेणे पसंत करतात, परंतु आपल्याकडे मॉर्मन हेच नाव ओळखीचे असल्यामुळे मी तेच वापरणार आहे.

जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. त्यानंतर तीन वर्षांनी, 27 फेब्रुवारी 1833 रोजी, ओहायो राज्यातील कर्टलंड या गावी त्यांनी खाण्यापिण्याविषयीचा एक ईश्वरी आदेश लिहवून घेतला, ज्याला ‘वर्ड ऑफ विज्डम’, म्हणजे शहाणपणाचे वचन, असे म्हणतात. त्यामागची हकीकत जोसेफ यांच्यानंतर चर्चचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगहॅम यंग यांनी पुढे सांगितली आहे. जोसेफ यांच्या घरात धर्मशिक्षणासाठी पुरुष मंडळी जमत, पाइप ओढत, तंबाखू चघळून जमिनीवर थुंकत, आणि ती जमीन पुसून पुसून त्यांच्या पत्नी एमा वैतागून गेल्या होत्या. या तक्रारीनंतर जोसेफ यांनी ईश्वराला विचारले आणि उत्तर आले ते या वचनाच्या रूपाने. सुरुवातीला ते आज्ञा म्हणून नव्हे, तर हिताचा सल्ला म्हणून दिले गेले होते. पुढची कित्येक दशके अनेक निष्ठावंत मॉर्मन मंडळी कॉफी पीत असत, आणि काही जण त्याहून कडक पेयेही घेत असत. मंदिरात प्रवेश हवा असेल तर हे वचन पाळलेच पाहिजे, ही अट पक्की झाली ती हीबर ग्रँट चर्चचे अध्यक्ष असताना, 1921 च्या सुमारास.

मंदिरप्रवेशाची ही अट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. मॉर्मन मंदिर हे रविवारच्या प्रार्थनेचे ठिकाण नसून विवाहासारख्या सर्वांत पवित्र विधींचे ठिकाण आहे, आणि तिथे जाण्यासाठी अनुमतीपत्र लागते. ते मिळण्यापूर्वी स्थानिक बिशप आणि त्याच्या वरचा अधिकारी मुलाखत घेतात व ठरलेले प्रश्न विचारतात. तुम्ही उत्पन्नाचा दशमांश चर्चला देता का, शहाणपणाचे वचन पाळता का, आणि जे जे करता त्यात प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करता का, हे त्यांतले काही प्रश्न. तुमच्या दुकानात काय विकले जाते, असा प्रश्न त्या यादीत नाही. म्हणजे नियम आहे तो तोंडाशी बांधलेला, आणि गल्ल्याशी त्याने संबंध ठेवलेला नाही. पेला हातात धरणाऱ्याला अनुमतीपत्र नाकारले जाईल. तोच पेला भरून दुसऱ्यापुढे ठेवणाऱ्या वेटरला, किंवा त्या वेटरचा पगार देणाऱ्या मालकाला, केवळ तेवढ्यावरून कोणी अडवत नाही.

ही फट आधुनिक भांडवलशाहीने पाडली, असे कोणाला वाटत असेल तर त्याने मॉर्मनांनी वसवलेल्या अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागाचा इतिहास पाहावा. ब्रिगहॅम यंग यांनी 1861 साली शेकडो कुटुंबे तिकडच्या उष्ण प्रदेशात कापूस पिकवण्यासाठी पाठवली. तिथे द्राक्षेही उत्तम येतात, हे लक्षात आल्यावर वाइन तयार करण्यास उत्तेजन मिळाले. ही वाइन प्रभुभोजनाच्या विधीसाठी आणि औषधासाठी वापरावी आणि उरलेली मॉर्मन नसलेल्यांना, विशेषतः खाणींवर काम करणाऱ्यांना, विकून रोख पैसा मिळवावा, असा हिशेब होता. टोकरविल आणि सेंट जॉर्ज या गावांत हा धंदा जोरात चालला. दशमांश त्या काळी बहुतेक वेळा रोख रकमेऐवजी मालाच्या रूपात दिला जाई, ज्याचे जे पीक असेल ते तो चर्चच्या कोठारात आणून देई, आणि म्हणून चर्चच्या कोठारात दशमांशापोटी वाइनची पिंपेही जमा होऊ लागली. दुसऱ्याला विकायची म्हणून तयार केलेली वाइन हळूहळू गावातच रिचवली जाऊ लागल्यावर मात्र नेत्यांचे डोळे उघडले, आणि अखेर चर्चने दशमांशात वाइन घेणे बंद केले. विकणाऱ्याचे घर विक्रीच्या मालापासून कायम अलिप्त राहील ही समजूत इथे पहिल्याच पिढीत खोटी ठरली होती, तरी पुढील पिढ्यांनी त्यावरून फारसा बोध घेतलेला दिसत नाही.

युटाची राजधानी सॉल्ट लेक सिटी इथे 1911 मध्ये ‘हॉटेल युटा’ उघडले, आणि त्यात चर्चचे मोठे भांडवल होते. मंदिराच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या या हॉटेलात बार होता. त्यावर टीका झाली, आणि तीही बाहेरच्यांपेक्षा घरच्यांनी अधिक केली. तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातील धर्मपरिषदेत याचे समर्थन करावे लागले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, शहरात येणाऱ्या परक्या पाहुण्यांना उत्तम सोयीचे हॉटेल हवे असते, त्यांतील काहींना पेयही लागते, आणि ते इथे मिळाले नाही तर ते दुसरीकडे जातील. श्रोतेहो, पुढच्या शंभर वर्षांत मॉर्मन उद्योजकांनी जी जी कारणे दिली, त्यांचे मूळ या उत्तरात सापडते. ग्राहक आमच्या धर्माचा नाही, त्याची मागणी आम्ही निर्माण केलेली नाही, आणि आम्ही नाही म्हटले तरी ती थांबणार नाही. हॉटेल युटा 1987 मध्ये हॉटेल म्हणून बंद झाले आणि आज ती इमारत चर्चच्या कामासाठी वापरली जाते.

जॉन विलार्ड मॅरियट यांनी 1927 मध्ये वॉशिंग्टन शहरात धंदा सुरू केला तो रूट बिअर विकण्याचा. नावात बिअर असली तरी त्या पेयात मद्य नसते, आणि त्यामुळे धर्म व धंदा यांच्यात तेव्हा कसलाही खटका नव्हता. त्यातून उपाहारगृहे उभी राहिली, आणि 1957 मध्ये व्हर्जिनिया राज्यात पहिले हॉटेल सुरू झाले. हॉटेलच्या धंद्यात उतरल्यावर मद्य टाळता येत नाही, अशी भूमिका त्यांचे पुत्र बिल मॅरियट यांनी घेतली. ते स्वतः मद्याला शिवत नाहीत, चर्चमध्ये त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली आहेत, आणि त्यांच्या हॉटेलांतील खोल्यांत बायबलच्या जोडीला मॉर्मनांचा धर्मग्रंथही ठेवलेला असतो. या माणसाला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. प्रवाशाला निवारा, जेवण आणि सभागृह पुरवणाऱ्या व्यवसायात बार हा एक कोपरा असतो, आणि पाहुण्याने एकही पेला घेतला नाही तरी हॉटेल चालू शकते.

अडचण उभी राहते ती खोलीतल्या टेलिव्हिजनपाशी. इतर मोठ्या हॉटेलसाखळ्यांप्रमाणे मॅरियटच्या खोल्यांतही पैसे भरून अश्लील चित्रपट पाहण्याची सोय अनेक वर्षे होती. मॉर्मन शिकवणीत अश्लीलतेचा निषेध दारूच्या निषेधापेक्षा तसूभरही सौम्य नाही. मिट रॉमनी हे स्वतः मॉर्मन, आणि सुमारे दशकभर मॅरियटच्या संचालक मंडळावर होते. ते 2007 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत असताना, तुम्ही तिथे बसून याविरुद्ध काय केले, असा सवाल त्यांना परंपरावादी संघटनांनीच केला. अखेर 2011 मध्ये कंपनीने नव्या हॉटेलांत ही सोय ठेवली जाणार नाही असे जाहीर केले. पण तेव्हा इंटरनेटमुळे या सेवेचे उत्पन्न घटत चालले होते, आणि तंत्रज्ञान बदलल्याचा उल्लेख कंपनीने स्वतःच केला होता. ही सोय काढल्याने हॉटेले ओस पडली नाहीत. जी गोष्ट वर्षानुवर्षे व्यवसायाची अपरिहार्य गरज म्हणून चालवून घेतली होती, ती नफा आटू लागताच टाळता येण्याजोगी ठरली. ‘ग्राहकाला हवे असते’ या युक्तिवादातील कच्चा दुवा याहून स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

आता जुगाराकडे वळू. मॉर्मन चर्चचा जुगाराला सर्व प्रकारांत विरोध आहे, सरकारी लॉटरीलासुद्धा, आणि म्हणून युटा राज्यात आजही लॉटरी नाही. मात्र शेजारच्या नेव्हाडा राज्यातील लास व्हेगास या शहराच्या जागी 1855 मध्ये पहिली वसाहत केली ती मॉर्मनांनीच, आणि एका शतकाने तिथल्या कसिनोंना भांडवल पुरवण्यात आघाडीवर होते ते पॅरी थॉमस हे युटामध्ये वाढलेले मॉर्मन घराण्यातील बँकर. इतर बँका कसिनोवाल्यांना दारात उभे करत नव्हत्या, तेव्हा थॉमस यांच्या बँकेने त्यांना कर्जे दिली. धनाढ्य हॉवर्ड ह्यूज यांनी 1960 च्या दशकात व्हेगासमधील कसिनो विकत घेतले, तेव्हा त्यांच्या निकटच्या सहायकांत मॉर्मनांचा भरणा होता. जो माणूस पीत नाही आणि खेळत नाही, तो पैशाच्या राशीजवळ बसवायला सुरक्षित, हे त्यामागचे गणित होते. धर्माने घडवलेला संयम धर्मबाह्य धंद्याला किती उपयोगी पडतो पाहा! पुढे सिनेटमधील बहुमताचे नेते झालेले हॅरी रीड हेही मॉर्मन, आणि 1977 ते 1981 या काळात नेव्हाडाच्या जुगार नियंत्रण आयोगाचे ते अध्यक्ष होते. रीड यांचे काम मला थॉमस यांच्या कामापेक्षा वेगळ्या जातीचे वाटते, कारण गुन्हेगारी टोळ्यांना कसिनोंपासून दूर ठेवणे हे नियंत्रकाचे कर्तव्य होते. कर्ज देणाऱ्या बँकेला मात्र व्याज तेव्हाच मिळते जेव्हा टेबलावर बसलेले लोक हरत राहतात. हॉटेलातल्या बारप्रमाणे जुगार हा कसिनोचा एखादा कोपरा नसतो, तो काढला तर कसिनो उरतच नाही.

व्यक्तींचे झाले, पण युटा राज्य तरी यापासून मुक्त आहे काय? तिथल्या विधिमंडळात मॉर्मनांचे बहुमत असते. तरीही कडक मद्याची किरकोळ विक्री राज्य सरकारच्याच दुकानांतून होते, आणि त्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा शाळेतील मुलांच्या जेवणासाठी बाजूला काढला जातो. राष्ट्रीय दारूबंदी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीला 5 डिसेंबर 1933 रोजी मान्यता देऊन आवश्यक संख्या पूर्ण करणारे छत्तिसावे राज्यही युटाच होते, आणि तेही हीबर ग्रँट यांचा कडवा विरोध असताना.

चर्चच्या स्वतःच्या व्यवसायांत मात्र अधिक सावधपणा आढळतो. चर्चच्या मालकीच्या केएसएल या दूरचित्रवाणी केंद्राने 2011 मध्ये प्लेबॉय क्लबवर आधारलेली मालिका दाखवण्यास नकार दिला. मंदिरासमोर 2012 मध्ये उघडलेल्या ‘सिटी क्रीक सेंटर’ या चर्चने उभारलेल्या भव्य बाजारसंकुलातील दुकाने रविवारी बंद असतात, पण त्याच संकुलातील काही उपाहारगृहांत मद्य मिळते. चर्चच्या गुंतवणुकी सांभाळणाऱ्या ‘एन्साइन पीक’ या संस्थेला आणि चर्चला अमेरिकेच्या रोखे नियामकाने 2023 मध्ये मिळून 50 लाख डॉलरचा दंड केला. त्या प्रकरणाचा दारूशी किंवा जुगाराशी काडीचा संबंध नव्हता. आपली समभागांतील गुंतवणूक किती आहे हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांआड झाकले, हा आक्षेप होता. मुलाखतीतील प्रामाणिकपणाचा प्रश्न इथे लागू पडतो, हे ज्याचे त्याने ताडावे.

शहाणपणाच्या वचनाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना त्याची चौथी ओवी ठाऊक असते. शेवटच्या काळात कारस्थानी माणसांच्या मनात जे दुष्ट हेतू आहेत आणि असणार आहेत, त्यांमुळे तुम्हाला ही सूचना देत आहे, अशा अर्थाचे ईश्वराचे शब्द तिथे आहेत. आज चर्चमधील अनेक वक्ते या ओवीचा अर्थ तंबाखूच्या कंपन्या आणि मद्याचे कारखानदार असा लावतात. म्हणजे ज्या वचनाच्या आधारे फक्त पिणाऱ्याची मुलाखत होते, त्याच वचनाने दोषाचे बोट रोखले आहे ते विकणाऱ्याकडे. माझ्या मते मॉर्मन उद्योजकाने परवानगीचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण परवानगी त्याला आहेच. माझा नफा ग्राहकाच्या मोहाच्या प्रमाणात वाढतो का, हे त्याने पाहावे. उपाहारगृहात कॉफी देणारा मॉर्मन तरुण या कसोटीला सहज उतरेल. हॉटेलमालक बहुतेक उतरेल, पण खोलीतील पडद्यापाशी अडेल. कसिनोला कर्ज देणारा सावकार उतरणार नाही, मग त्याने व्याजावरचा दशमांश कितीही चोख भरलेला असो. दशमांशाची पावती देताना तो पैसा कोठून आला हे चर्च विचारत नाही, आणि जोवर ते विचारत नाही, तोवर या कसोटीची सक्ती कोणावरही नाही.

नमस्कार.